वर्गसमीकरणाचा आलेख आणि त्याची साधने : आलेख कागदापासून संगणकाच्या पडद्यापर्यंत

इंग्लंडमधील माध्यमिक शाळांच्या गणिताच्या प्रश्नपत्रिकांत आलेखासंबंधीची आज्ञा दोन निरनिराळ्या क्रियापदांनी दिली जाते. 'प्लॉट' असे म्हटले असता विद्यार्थ्याने किमतींचे कोष्टक करावयाचे, त्यातील बिंदू आलेख कागदावर मोजून मांडावयाचे आणि ते जोडावयाचे, असा अर्थ असतो. 'स्केच' असे म्हटले असता कोऱ्या कागदावर वक्राचे सामान्य रूप, त्याचा शिरोबिंदू आणि अक्षांशी होणारे छेद एवढे दाखवून थांबावयाचे असते. पहिल्या आज्ञेची पूर्तता हिशेबाने होते. दुसरीसाठी समीकरण पाहताच वक्र ओळखता यावा लागतो. मराठीत या दोहोंसाठी 'आलेख काढा' ही एकच आज्ञा रूढ आहे. क्रियापदांचा हा भेद वरवर पाहता परीक्षकांच्या सोयीचा वाटतो. वस्तुतः वर्गसमीकरणाचा आलेख शिकविण्याच्या साधनांचा गेल्या सव्वाशे वर्षांचा इतिहास याच भेदाभोवती फिरत आला आहे. आलेख कागद, संगणक, हातात मावणारे आलेखी गणकयंत्र आणि आता मोबाइलवरही चालणारी आज्ञावली यांपैकी प्रत्येक साधनाने बिंदू मांडण्याचे काम थोडेथोडे हलके केले. ओळखण्याचे काम मात्र कोणत्याही साधनाने हलके केलेले नाही; आणि जेथे ते झाले असे शिक्षकांस वाटले, तेथे ते केवळ दृष्टीआड गेले होते.

वक्र स्वतः फार जुना आहे. शंकूच्या छेदांतून मिळणाऱ्या तीन वक्रांची आज प्रचलित असलेली नावे पर्गा येथील अपोलोनियस याच्या ग्रंथापासून, म्हणजे इसवी सनापूर्वी २०० च्या सुमारापासून, रूढ झाली. एका आकृतीचे क्षेत्रफळ दुसरीलगत लावून पाहिले असता ते नेमके बसले, उणे पडले की वर उरले, यावरून ती नावे पडली. नेमके बसणारा तो 'पाराबोले'. या शब्दात 'लगत' अशा अर्थाचा उपसर्ग असून पुढचा अंश 'फेकणे' या अर्थाच्या धातूचा आहे. मराठीत रूढ केलेला 'अन्वस्त' हा शब्द 'अनु' आणि 'अस्', म्हणजे फेकणे, या धातूचे 'अस्त' हे रूप असा फोडला असता ग्रीक शब्दाशी अवयवशः जुळतो. 'अपास्त' या शब्दाची घडणही त्याच साच्यातील आहे. हिंदीतील 'परवलय' मूळ शब्दाचा अर्थ सोडून नादाजवळ राहतो. मराठी परिभाषाकारांनी येथे अधिक कष्ट घेतले, असे म्हणावयास हरकत नाही. त्या कष्टांचे पुढे काय झाले हे शेवटी पाहावयाचे आहे.

परंतु वक्र जुना असला तरी शालेय अर्थाने 'आलेख' ही वस्तू अलीकडची आहे. देकार्त याने १६३७ साली बीजगणित आणि भूमिती यांची गाठ घातली खरी, तथापि त्यानंतर दोन शतकांहून अधिक काळ शाळेतील बीजगणित वक्राविनाच चालले. वर्गसमीकरण हे सोडवावयाचे कोडे होते. अवयव पाडावे, वर्ग पूर्ण करावा, सूत्र लावावे आणि दोन मुळे लिहून मोकळे व्हावे. समीकरणाला आकार असतो, ही गोष्ट शाळेच्या कक्षेबाहेर होती. इंग्रजीत 'ग्राफ' हा शब्द फलाच्या वक्रासाठी वापरला गेला तोही एडिंबरोचे प्राध्यापक जॉर्ज क्रिस्टल यांच्या १८८६ सालच्या बीजगणितात. शब्द आणि वस्तू दोन्ही शाळेत शिरल्या त्या त्यानंतर, आणि त्यांना आत आणणारा मनुष्य गणितज्ञ नव्हता.

जॉन पेरी हे अभियंते होते. जपानच्या तोक्यो येथील अभियांत्रिकी महाविद्यालयात आणि नंतर लंडनच्या फिन्सबरी टेक्निकल कॉलेजात त्यांनी अध्यापन केले. फिन्सबरीला त्यांच्यासमोर कारागीर आणि होतकरू यंत्रज्ञ असत. युक्लिडच्या सिद्धान्तांपासून आरंभ करण्याइतकी सवड त्या वर्गाला नव्हती. सप्टेंबर १९०१ मध्ये ग्लासगो येथे ब्रिटिश असोसिएशनच्या अधिवेशनात त्यांनी गणिताच्या अध्यापनावर जे भाषण केले, त्याने इंग्लंडात मोठा वाद माजला. त्यांच्या मागणीत चौकटीच्या कागदाला मानाचे स्थान होते. एकोणिसाव्या शतकात हा कागद अभियंत्यांच्या आणि निरीक्षणे नोंदविणाऱ्या शास्त्रज्ञांच्या कामाचा होता. छपाई स्वस्त झाल्यामुळे तो मुलांच्या हाती देता येऊ लागला, आणि म्हणून तोही आपल्या काळाचे नवे यंत्रच होता, हे विसरता कामा नये. शिकागोचे ई. एच. मूर यांनी १९०२ च्या डिसेंबरात अमेरिकन गणित परिषदेच्या अध्यक्षपदावरून बोलताना पेरींचा पुरस्कार केला आणि १९०६ साली एका शैक्षणिक नियतकालिकात चौकटीचा कागद हे गणिताचे 'उपकरण' आहे, असे शीर्षकातच सांगितले. जर्मनीत फेलिक्स क्लाइन यांच्या प्रेरणेने १९०५ साली मेरान येथे तयार झालेल्या अभ्यासक्रमाने फलाची कल्पना संपूर्ण शालेय गणिताचा कणा मानली.

पेरी यांच्या योजनेत आणि शाळांनी प्रत्यक्षात स्वीकारलेल्या वस्तूत अंतर होते. पेरींना प्रयोगातून मिळालेल्या संख्या कागदावर मांडून त्यांमागील नियम शोधावयाचा होता. म्हणजे वक्र आधी आणि समीकरण नंतर. पाठ्यपुस्तकांनी क्रम उलटविला. समीकरण दिलेले, कोष्टक करावयाचे, बिंदू मांडावयाचे. हॉल आणि नाइट यांच्या बीजगणितावर इंग्लंडच्या आणि हिंदुस्थानच्याही अनेक पिढ्या वाढल्या. त्यांपैकी हॉल यांनी १९०२ च्या सुमारास आलेखी बीजगणिताची एक लहानशी पुस्तिका काढली, आणि लवकरच आलेखांची प्रकरणे जुन्या पुस्तकांच्या अंगावर ठिगळांसारखी येऊन बसली. सुधारणा शाळेत शिरताना तिचा जो भाग परीक्षेत विचारता येतो तोच आत येतो, याचे हे एक चांगले उदाहरण आहे.

असे असले तरी कागदाच्या त्या युगात एक युक्ती होती, जिची आठवण आज फारशी राहिलेली नाही. य = क्ष² हा एकच अन्वस्त अत्यंत काळजीपूर्वक काढावयाचा, किंबहुना पुठ्ठ्यावर कापून त्याचा साचाच करून ठेवावयाचा. मग क्ष² − क्ष − ६ = ० सोडविण्यासाठी नवा वक्र काढण्याचे कारण नाही; समीकरण क्ष² = क्ष + ६ असे लिहून त्या एका अन्वस्तावर य = क्ष + ६ ही सरळ रेषा टाकली की ती त्याला ३ आणि −२ या ठिकाणी छेदते. कोणतेही वर्गसमीकरण, क्ष² चा सहगुणक एक करून घेतला की, याच साच्यावर सुटते. रेषा वक्राला स्पर्श करून गेली तर मुळे समान, दुरून गेली तर वास्तव मुळे नाहीत. विवेचकाचे तिन्ही प्रकार पट्टी सरकवीत एका बैठकीत दाखविता येत. श्रम वाचविण्यासाठी निघालेली ही युक्ती खरे पाहता एक मोठे सत्य शिकवीत होती : वर्गसमीकरणे अगणित, पण अन्वस्ताचे रूप एकच.

कोष्टकाची रीत याच्या नेमकी उलट होती. य = क्ष² − ३क्ष − ४ हे उदाहरण घ्यावे. क्ष ला पूर्णांक किमती दिल्या तर १ आणि २ या दोन्ही ठिकाणी य ची किंमत −६ येते. विद्यार्थी पट्टीने हे दोन बिंदू जोडतो आणि वक्राचा तळ सपाट होतो. खरा शिरोबिंदू १.५ येथे, −६.२५ इतका खाली आहे. तो कोष्टकात नाही म्हणून कागदावरही नाही. विद्यार्थ्याने कोणतीही चूक केलेली नसते. त्याला जे सांगितले ते त्याने केले. ज्याला समीकरण पाहून वक्राची सममिती ओळखता येते त्यालाच १.५ ही किंमत कोष्टकात घालण्याचे सुचते. म्हणजे बिंदू नीट मांडण्यासाठीही वक्र आधी ठाऊक असावा लागतो. ही अडचण कागदाची आहे, यंत्र आले की जाईल, असा समज पुढे बळावला.

संगणक शाळेत येण्यापूर्वी अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात १९६० पासून 'प्लेटो' या नावाची संगणकीय अध्यापनाची योजना वाढत होती. तेथे काम करणाऱ्या शॅरन डग्डेल यांनी आपल्या सहकाऱ्यांसह आलेखांचा एक खेळ रचला, आणि १९८२ साली त्याची लहान संगणकावरील आवृत्ती गणितशिक्षकांपुढे मांडली. खेळाचे नाव 'ग्रीन ग्लॉब्ज', म्हणजे हिरवे गोळे. पडद्यावर अक्षांच्या चौकटीत तेरा हिरवे गोळे विखुरलेले असतात. विद्यार्थ्याने एक समीकरण टंकित करावयाचे. यंत्र त्याचा आलेख काढते आणि वक्र ज्या गोळ्यांतून जाईल ते फुटतात. एकाच वक्राने जितके अधिक गोळे फुटतील तितके गुण दुपटीने वाढत जातात, म्हणून एकेका गोळ्यासाठी एकेक आडवी रेषा टाकणाऱ्याचे काही साधत नाही. त्याला लवकरच अन्वस्ताकडे वळावे लागते.

या खेळाचे महत्त्व त्याच्या करमणुकीत नाही. बिंदू मांडण्याचे काम यंत्राने पूर्णपणे आपल्याकडे घेतले, आणि ओळखण्याचे काम पूर्णपणे विद्यार्थ्याकडे राहू दिले. पडद्यावर काहीही उमटण्यापूर्वी विद्यार्थ्याला मनात वक्र पाहावा लागतो : उघडणी वर हवी की खाली, शिरोबिंदू कोठे, तोंड किती रुंद. वक्र गोळ्याच्या बाजूने निसटला की चूक कोणी लाल शाईने दाखविण्याची गरज राहत नाही, आणि किती सुधारणा हवी तेही दिसते. पेरींनी कागदावर जो क्रम मागितला होता, म्हणजे आधी वस्तुस्थिती आणि मग तिला बसणारे समीकरण, तो येथे खेळाच्या रूपाने परत आला. पुढील चाळीस वर्षांत या विषयावर जी साधने निघाली त्यांत एवढा नेमका विचार थोड्यांच ठिकाणी सापडतो.

शाळांवर खरा परिणाम घडविला तो मात्र खिशात मावणाऱ्या यंत्राने. १९८५ साली जपानच्या कॅसिओने एफएक्स-७०००जी हे आलेखी गणकयंत्र बाजारात आणले. सर्वसाधारण ग्राहकास विकत घेता येईल असे हे पहिले. त्याचा पडदा ९६ आडव्या आणि ६४ उभ्या ठिपक्यांचा होता. १९९० मध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचे टीआय-८१ शाळेसाठीच म्हणून निघाले. मधल्या काळात, १९८९ साली, अमेरिकेतील गणितशिक्षकांच्या राष्ट्रीय परिषदेने आपले अभ्यासक्रमविषयक मानदंड प्रसिद्ध करताना नववी ते बारावीच्या प्रत्येक विद्यार्थ्याजवळ आलेख काढू शकणारे गणकयंत्र सदैव असेल, असे गृहीतच धरले. १९९५ पासून तेथील महाविद्यालयपूर्व कलनाच्या परीक्षेस असे यंत्र आवश्यक ठरले. वर्गखोलीबाहेर राहिलेली वस्तू दहा वर्षांच्या आत परीक्षागृहात अनिवार्य व्हावी, हा वेग शिक्षणाच्या इतिहासात विरळा म्हणावा लागेल. यंत्र विकणाऱ्यांचे हितसंबंध त्या वेगामागे नव्हते असे कोणी म्हणणार नाही. परंतु ओहायो स्टेट विद्यापीठातील फ्रँक डेमाना आणि बर्ट वेट्स यांच्यासारखे जे अध्यापक या चळवळीचे अग्रणी होते, त्यांची भूमिका भाबडी नव्हती.

१९८८ सालीच या दोघांनी आलेखी गणनेतील खाचखळग्यांवर एक लेख लिहून, एकच आलेख पुरेसा का नसतो, हे दाखविले होते. त्यांचा मुद्दा वर्गसमीकरणाच्या उदाहरणाने सहज स्पष्ट करता येतो. या यंत्रांत पडद्याला 'विंडो', म्हणजे खिडकी, म्हणतात, आणि नेहमीची खिडकी दोन्ही अक्षांवर −१० पासून १० पर्यंत असते. य = क्ष² − ३०क्ष + २३० हे समीकरण घालून कळ दाबली असता पडद्यावर अक्षांखेरीज काहीही उमटत नाही; शिरोबिंदू १५ आणि ५ येथे, खिडकीच्या बाहेर आहे. नवखा विद्यार्थी यंत्र बिघडले असे समजतो, किंवा त्याहून वाईट म्हणजे या समीकरणाला आलेखच नाही असे समजतो. याहून सूक्ष्म उदाहरण असे : क्ष² − २क्ष + ०.९९, क्ष² − २क्ष + १ आणि क्ष² − २क्ष + १.०१ यांपैकी पहिल्याची मुळे ०.९ आणि १.१, दुसऱ्याचे एकच मूळ १, तिसऱ्याला वास्तव मूळ नाही. नेहमीच्या खिडकीत ९६ ठिपक्यांच्या पडद्यावर लगतच्या दोन आडव्या ठिपक्यांतील अंतर सुमारे ०.२ आणि उभ्या ठिपक्यांतील सुमारे ०.३ पडते. साहजिकच तिन्ही वक्र डोळ्यांना एकच दिसतात. विवेचक ज्या तीन प्रकारांना काटेकोर वेगळे करतो, त्यांना पडदा एका चित्रात विरघळवून टाकतो. यंत्रही अखेर कोष्टकच करते. फरक इतकाच की त्याचे कोष्टक सुमारे शंभर ओळींचे असते आणि विद्यार्थ्याला ते दिसत नाही. कागदावरचा सपाट तळ येथे निराळ्या रूपाने परत येतो, आणि या वेळी त्यावर यंत्राचा शिक्का असतो.

डेमाना आणि वेट्स यांनी यावर 'संपूर्ण आलेख' ही कल्पना सुचविली : वक्राची सर्व महत्त्वाची वैशिष्ट्ये ज्यात दिसतात तो आलेख संपूर्ण. व्याख्या साधी आहे, पण तिच्यात एक गाठ आहे. महत्त्वाची वैशिष्ट्ये कोणती व ती सर्व दिसली किंवा नाही, हे ठरविण्यासाठी फल आधी ओळखीचे असावे लागते. वर्गसमीकरणाच्या बाबतीत ही ओळख सूत्रातून मिळते. शिरोबिंदूचा क्ष-निर्देशक −ब/२अ एवढा काढला की खिडकी कोठे उघडावयाची ते कळते. म्हणजे ज्या बीजगणिताची जागा यंत्र घेईल असे बोलले जात होते, तेच बीजगणित यंत्र वापरण्याची पूर्वअट ठरले. याच वर्षी पॉल गोल्डनबर्ग यांनी विद्यार्थ्यांच्या दृष्टिभ्रमांचा परामर्श घेतला. त्यांतील मापाचा भ्रम अन्वस्ताला विशेष लागू पडतो. −१० ते १० च्या खिडकीतील य = क्ष² आणि −५ ते ५ च्या खिडकीतील य = २क्ष² ही चित्रे हुबेहूब सारखी असतात, कारण सर्व अन्वस्त परस्परांशी समरूप आहेत. 'अ वाढला की वक्र अरुंद होतो' हा वर्गात घोकून घेतला जाणारा नियम खिडकी स्थिर असेपर्यंतच खरा. पुठ्ठ्याच्या साच्यावर शिकलेल्या मुलाला ही गोष्ट हाताने ठाऊक होती, असा तर्क करण्यास जागा आहे.

फ्रेंच अभ्यासकांनी या प्रश्नाला निराळी परिभाषा दिली. पियेर राबार्देल यांनी १९९५ साली वस्तू आणि साधन यांत भेद केला : कारखान्यातून येते ती वस्तू, वापरणाऱ्याने आपल्या कामासाठी ती आत्मसात केली की तिचे साधन होते. गॅं आणि त्रूश यांनी आलेखी गणकयंत्रांच्या संदर्भात ही कल्पना पुढे नेली. भाषेच्या अभ्यासकास हा भेद परका वाटणार नाही. शब्दकोशातला शब्द आणि बोलणाऱ्याच्या तोंडचा शब्द यांत असाच फरक असतो.

नव्या शतकात दोन गोष्टी बदलल्या. यंत्रासाठी पैसे मोजावे लागेनात, आणि चित्र हलू लागले. साल्झबर्ग विद्यापीठात मार्कुस होहेनवार्टर यांनी २००१ च्या सुमारास पदव्युत्तर प्रबंधाचा भाग म्हणून आरंभिलेली 'जिओजेब्रा' ही आज्ञावली भूमिती आणि बीजगणित एकाच पडद्यावर जोडते. नावातही तीच जोडणी आहे. २०११ मध्ये ईलाय लुबेरॉफ यांनी 'डेस्मॉस' काढले. या दोहोंत 'स्लायडर' असतो, म्हणजे पट्टीवरून सरकविता येणारी एक खूण. य = अक्ष² + बक्ष + क यातील सहगुणक बोटाने सरकवावा आणि वक्र डोळ्यांदेखत बदलताना पाहावा. क सरकविला तर वक्र वरखाली जातो. अ सरकविला तर मिटतो, उघडतो, शून्यापाशी सरळ रेषा होऊन उलटतो. येथवर मुलांच्या अपेक्षेप्रमाणे घडते. ब सरकविला म्हणजे मात्र वक्र डावी-उजवीकडे नुसता न सरकता झोका घेतल्यासारखा हलतो, आणि का, ते चित्र सांगत नाही. कागदावर दोन ओळी लिहिल्या तर कळते : शिरोबिंदू नेहमी य = क − अक्ष² या उलट्या अन्वस्तावरून चालतो, आणि सर्व वक्र क्ष शून्य असताना क या एकाच बिंदूतून जातात. हे दृश्य पाहून 'असे का' असा प्रश्न ज्या वर्गात उठतो तेथे स्लायडरने आपले काम केले. जेथे 'ब बदलला की वक्र हलतो' अशी नोंद करून वर्ग पुढे जातो, तेथे कोष्टकाचीच यांत्रिकता गतिमान झाली, इतकेच.

याच संदर्भात कॅनडातील रीना झाझकिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा २००३ सालचा अभ्यास उद्बोधक आहे. य = क्ष² च्या जागी य = (क्ष − ३)² लिहिले तर वक्र उजवीकडे जातो; वजा चिन्ह पाहून बहुतेकांस तो डावीकडे जावा असे वाटते. अभ्यासकांनी विद्यार्थी आणि शिक्षक या दोहोंनाही याचे कारण विचारले. वक्र उजवीकडे जातो हे ठाऊक असणे आणि तसे का ते सांगता येणे यांतील अंतर त्यात स्पष्ट दिसते. यंत्र पहिल्या गोष्टीची खात्री क्षणात पटविते आणि म्हणूनच दुसरीची निकड मारून टाकू शकते. येथील घोटाळा काही अंशी भाषिक आहे. 'वजा ३' हे चिन्ह आज्ञा म्हणून वाचले जाते, 'तीन मागे जा' अशी. कंसातील पदावली मुळात आज्ञा नसून प्रश्न आहे : क्ष ची कोणती किंमत हिला शून्य करील? उत्तर ३, म्हणून शिरोबिंदू ३ वर. चिन्हाचे वाचन बदलले की चित्र अपेक्षेप्रमाणे वागू लागते. चित्र शंभरदा पाहून मात्र वाचन बदलेलच असे नाही.

डेस्मॉसच्या शैक्षणिक भागात या गोष्टीची जाण होती, असे त्यातील काही पाठांवरून दिसते. डॅन मायर यांनी मांडलेल्या एका पाठात बास्केटबॉलचा चेंडू हवेत अर्ध्यावर थांबविलेला दिसतो, आणि तो कडीतून जाईल काय, हे विद्यार्थ्याने आधी नुसत्या अंदाजाने सांगावयाचे असते. मग त्या वाटेवर अन्वस्त बसवून आपला अंदाज तपासावयाचा. दुसऱ्या एका पाठात गोट्या घरंगळून ताऱ्यांना लागाव्यात यासाठी अन्वस्तांची समीकरणे दुरुस्त करावयाची असतात. हिरव्या गोळ्यांचा खेळ ज्याने पाहिला आहे त्याला हे कुळ ओळखण्यास वेळ लागणार नाही.

परीक्षांनी मात्र वेगळी वाट धरली. अमेरिकेतील 'सॅट' ही प्रवेशपरीक्षा २०२३ पासून परदेशांत आणि २०२४ पासून खुद्द अमेरिकेत संगणकावर होऊ लागली, आणि तिच्या संपूर्ण गणित विभागात डेस्मॉसचे आलेखी यंत्र पडद्यावरच दिलेले असते. 'क्ष² − ६क्ष + क = ० या समीकरणाला एकच मूळ असेल तर क किती?' असा प्रश्न विवेचकाने एका ओळीत सुटतो. क ची खूण सरकवीत वक्र अक्षाला टेकेपर्यंत पाहिले तरी ९ हे उत्तर हाती येते. दोन्ही उत्तरपत्रिका सारख्याच दिसतात. ८.९९ आणि ९ यांतील फरक ज्याला चित्र मोठे करून तपासावासा वाटला तो, आणि ज्याला वाटला नाही तो, यांना वेगळे करण्याचा मार्ग अशा प्रश्नात उरत नाही.

महाराष्ट्रातील स्थिती याहून निराळी आहे. येथे प्रश्न यंत्राच्या अतिवापराचा नाही. राज्य मंडळाच्या काय किंवा केंद्रीय मंडळाच्या काय, दहावीच्या परीक्षेत सर्वसाधारण परीक्षार्थीस गणकयंत्र वापरता येत नाही. राज्य मंडळाच्या २०१८ सालच्या दहावीच्या पुस्तकात आलेख येतो तो दोन चलांतील रेषीय समीकरणांसाठी. वर्गसमीकरणांच्या प्रकरणात अवयव, पूर्ण वर्ग, सूत्र, विवेचक आणि मुळे व सहगुणक यांचा संबंध आहे, वक्र नाही. पेरीपूर्व बीजगणिताची ही शुद्ध परंपरा होय, आणि तिच्यात विवेचक हे केवळ वर्गमुळाखालचे चिन्ह तपासण्याचे काम राहते. केंद्रीय मंडळाच्या शाळांत चालणाऱ्या राष्ट्रीय परिषदेच्या पुस्तकात बहुपदींच्या प्रकरणात अन्वस्त भेटतो. वर कोष्टकाच्या विवेचनात घेतलेले क्ष² − ३क्ष − ४ हे उदाहरण त्याच पुस्तकातील आहे. तेथील कोष्टकातही १ आणि २ यांखाली −६ च आहे आणि १.५ नाही. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेच्या 'स्पोकन ट्युटोरियल' या उपक्रमाने जिओजेब्राचे पाठ भारतीय भाषांतून, मराठीतूनही, उपलब्ध केले आहेत, आणि संगणक असलेल्या शाळेला ते विनामूल्य मिळतात. साधन आहे, भाषाही आहे. ज्या प्रकरणात ते वापरावयाचे ते प्रकरण राज्य मंडळाच्या पुस्तकात नाही.

परिणामी मराठी माध्यमातून दहावी झालेल्या मुलास हा वक्र प्रथम भेटतो तो अकरावीत, आणि विज्ञानशाखेचे गणित बहुधा इंग्रजीतून चालत असल्यामुळे भेटतो तो 'पॅराबोला' या नावाने. ग्रीक शब्दाच्या प्रत्येक अवयवाला संस्कृत अवयव शोधून घडविलेला 'अन्वस्त' हा शब्द ज्या वयाच्या मुलांसाठी घडविला, त्यांच्या तोंडी येण्याचा प्रसंगच उरत नाही. 'आलेख काढा' या आज्ञेखाली त्यांनी तोवर फक्त सरळ रेषाच काढलेल्या असतात. तीन बिंदू मांडले आणि पट्टी ठेवली की त्या पुऱ्या होतात.